डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर : पाण्यातल्या झाडांकडे बघायला लावणारे शास्त्रज्ञ



पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्ता आहे. त्याच रस्त्यावर एक मोठी संशोधन संस्था आहे, तिचं नाव आघारकर संशोधन संस्था. रस्ता आगरकरांचा आणि संस्था आघारकरांची! त्यामुळे मुलंच काय, आपण मोठी माणसंसुद्धा गोंधळतो. गोपाळ गणेश आगरकर (१८५६ ते १८९५) म्हणजे समाजसुधारक, फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य. ते आपल्या पाठ्यपुस्तकातून मुलांना माहीत असतात. पण आघारकर कोण, असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही. संस्थेच्या दारावरून रोज जाणारी मुलंही सांगू शकत नाहीत.

म्हणून आजचा पाठ या दुसऱ्या आघारकरांवर. वर्गात किंवा घरी फिश टँक असेल, तर हा पाठ तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. कसा ते पुढे येईलच.

मालवण ते मुंबई

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणला झाला. पुढे ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले, एम.ए. झाले आणि तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. म्हणजे आपल्यासारखेच शिक्षक! पण वर्ग संपला की काम संपलं, असा त्यांचा स्वभाव नव्हता. सवड मिळाली की ते सह्याद्रीत भटकायचे. झाडं, ओढे, डोह, दगडाखालचे जीव, सगळं बघायचं, गोळा करायचं आणि टिपून ठेवायचं. त्या काळी ना चांगले रस्ते, ना हातात कॅमेरा. पायी चालायचं आणि डोळ्यांनी बघायचं, एवढंच साधन.

डोहातली जेलीफिश

या भटकंतीत त्यांना एक विलक्षण गोष्ट सापडली. सातारा जिल्ह्यात कोयना आणि वेण्णा या नद्यांच्या खोऱ्यात, गोड्या पाण्यात, त्यांना जेलीफिश दिसली.

मुलांना जेलीफिश माहीत असते ती समुद्रातली. गोड्या पाण्यात राहणाऱ्या जेलीफिशच्या जाती जगातही फार थोड्या आहेत. आघारकरांना जी सापडली तिच्या जवळचे नातेवाईक तोपर्यंत फक्त आफ्रिकेतून माहीत होते. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी तिचा अभ्यास केला आणि तिला लिम्नोक्निडा इंडिका असं नाव मिळालं. ही बातमी 'नेचर' या जगप्रसिद्ध विज्ञान नियतकालिकात छापून आली. तेव्हा आघारकर सत्तावीस वर्षांच्या आसपास होते.

इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. हा इवलासा, काचेसारखा पारदर्शक जीव पाण्यात तरंगताना चटकन दिसतच नाही. शिवाय गोड्या पाण्यातल्या या जेलीफिश वर्षातला बराच काळ वेगळ्याच रूपात काढतात. तेव्हा त्या अगदी बारीक, दगडाला किंवा काडीला चिकटून बसलेल्या असतात. ठरावीक दिवसांतच छत्रीच्या आकाराची जेलीफिश पोहताना दिसते. त्या खोऱ्यातल्या माणसांनी ते डोह पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. पण योग्य वेळी तिथे असणं, थांबणं आणि पाण्याकडे नीट बघत राहणं, हे ज्याला जमलं त्याला ती दिसली.

जर्मनीत अडकलेले प्राध्यापक

या कामामुळे आघारकरांचं नाव झालं. १९१४ मध्ये कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्रासाठी रासबिहारी घोष प्राध्यापकपद होतं, त्यावर त्यांची नेमणूक झाली. पुढच्या अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले. आणि नेमकं तेव्हाच पहिलं महायुद्ध सुरू झालं.

भारत तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात, आणि ब्रिटन व जर्मनी एकमेकांचे शत्रू. त्यामुळे भारतीय विद्यार्थीसुद्धा तिथे शत्रू देशाचे ठरले. आघारकरांना काही काळ स्थानबद्ध राहावं लागलं. घर दूर, युद्ध कधी संपेल सांगता येत नाही, हातातलं काम अर्धवट. पण त्यांनी अभ्यास सोडला नाही. बर्लिनमध्ये अडॉल्फ एंग्लर या फार मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे त्यांनी काम पूर्ण केलं आणि १९१९ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

त्यांचा विषय ऐका. वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खारट जमिनीवर वाढणाऱ्या वनस्पतींचा प्रसार कसा होतो आणि त्या मूळच्या कुठल्या! परिसर अभ्यासात आपण बियांचा प्रसार शिकवतो ना? वाऱ्याने उडणारी रुईची म्हातारी, कपड्याला चिकटणारा गोखरू, पाण्यावरून वाहत जाणारा नारळ. हाच प्रश्न मोठा करून आघारकरांनी जर्मनीत मांडला होता. झाड एका जागी उभं असतं, मग ते एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जातं कसं?

जलपर्णीचा अभ्यास

युद्धानंतर ते भारतात परतले आणि पुढची सुमारे पंचवीस वर्षं कोलकात्यात शिकवत राहिले. बंगालमध्ये त्या काळी एका वनस्पतीने हाहाकार माजवला होता, ती म्हणजे जलपर्णी. आपण पुणेकर तिला चांगलंच ओळखतो. उन्हाळ्यात मुळा, मुठा, पवना या नद्यांवर जी हिरवीगार सतरंजी पसरते, तीच ही. संगम पुलावरून बघितलं तर मुलांना वाटतं, नदीवर बाग फुलली आहे.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळी सुंदर फुलं येतात म्हणून बागेतल्या तळ्यात लावायला ती भारतात आणली गेली. तिथून ती निसटली. बंगालच्या नद्या, कालवे, भातशेतं तिने भरून टाकली. होड्या चालेनात, पिकं बुडाली, माशांना प्राणवायू मिळेना. शेवटी १९२१ मध्ये या प्रश्नावर सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष जगदीशचंद्र बोस होते. १९३६ मध्ये तर बंगालात जलपर्णीसाठी वेगळा कायदाच करावा लागला. एका शोभेच्या झाडासाठी कायदा!

आघारकरांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने जलपर्णीच्या परागीभवनाचा आणि बी धरण्याचा अभ्यास केला. तो १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. हा अभ्यास महत्त्वाचा का? कारण जलपर्णी मुख्यतः फुटवे काढून पसरते. एका रोपाला आडवी काडी फुटते, तिच्या टोकाला नवं रोप. अनुकूल पाण्यात एक-दोन आठवड्यांत तिची संख्या दुप्पट होऊ शकते. मग वाटतं, सगळी उपसून टाकली की संपली. पण ती बीसुद्धा धरते. बी तळाच्या गाळात जाऊन बसतं आणि अनेक वर्षांनी रुजू शकतं. म्हणून जे काढायचं आहे त्याचं जीवनचक्र आधी माहीत हवं. दर उन्हाळ्यात आपल्या नद्यांतून ट्रक भरून जलपर्णी काढली जाते आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा येते, याचं एक कारण हे. दुसरं कारण सांडपाणी. सांडपाण्यातलं नत्र आणि फॉस्फरस म्हणजे तिच्यासाठी आयतं खत.

सावकाश वाढणारी तिची चुलत भावंडं

आता फिश टँककडे वळूया. पाण्यातलं झाड म्हटलं की सगळी झाडं जलपर्णीसारखी भरभर वाढत नाहीत. टँकमध्ये लावायची काही चांगली झाडं अगदी गोगलगाईच्या चालीने वाढतात. अनुबियास, क्रिप्टोकोरायनी (दुकानात याला नुसतं क्रिप्ट म्हणतात), बुसेफलांड्रा आणि जावा फर्न ही त्यातली प्रमुख. अनुबियासला महिन्याभरात एखादं नवं पान आलं तरी झाड मजेत आहे असं समजायचं.

गंमत बघा. यातली पहिली तिन्ही आपल्या अळूच्या कुळातली आहेत. आघारकरांचे जर्मनीतले गुरू एंग्लर हे या अळूकुळाचे जगातले मोठे जाणकार होते. आफ्रिकेतल्या अनुबियासच्या काही जातींना शास्त्रीय नावं त्यांनीच दिली. क्रिप्टोकोरायनीच्या काही जाती तर आपल्या कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या ओढ्यांत नैसर्गिकरीत्या वाढतात. आणि तळ्यावर तरंगणारं, कोबीच्या गड्ड्यासारखं दिसणारं गोंडाळ पाहिलंय ना? तेही याच कुळातलं, पण वाढतं मात्र जलपर्णीसारखं भराभर.

एकाच कुळात एवढा फरक का? मुलांना हा प्रश्न नक्की विचारा. गोंडाळाची पानं पाण्याच्या वर असतात. त्यांना भरपूर ऊन मिळतं आणि कार्बन डायऑक्साइड थेट हवेतून मिळतो. अनुबियास आणि क्रिप्ट राहतात दाट झाडीतल्या, सावलीतल्या ओढ्यांत. तिथे ऊन कमी. शिवाय पाण्यात बुडालेल्या पानाला कार्बन डायऑक्साइड मिळणं अवघड असतं, कारण हवेच्या तुलनेत पाण्यात हा वायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. कमी मिळकतीत संसार करायचा, तर पान जाड आणि टिकाऊ करायचं, ते खूप दिवस वापरायचं. ही झाडं नेमकं तेच करतात. थोडक्यात, हळू वाढणं ही त्यांची जगण्याची रीत आहे.

या झाडांची काळजी कशी घ्यायची?

शाळेतल्या टँकसाठी ही झाडं उत्तम, कारण दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत ती फार हट्ट करत नाहीत. पण काही गोष्टी पाळाव्या लागतात.

१. अनुबियास, बुसेफलांड्रा आणि जावा फर्नला आल्यासारखं आडवं जाड खोड असतं. ते खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं तर कुजतं. दगडाला किंवा लाकडाच्या तुकड्याला सुती दोऱ्याने हलकेच बांधायचं. काही आठवड्यांनी मुळं स्वतःच दगड धरतात. क्रिप्ट मात्र वाळूतच लावायचं.

२. प्रकाश जास्त दिला म्हणून ही झाडं जास्त वाढत नाहीत. वाढतं ते शेवाळ! एकच पान महिनोन्‌महिने टिकत असल्याने त्यावर शेवाळ चढायला भरपूर वेळ मिळतो. दिवसाला सहा ते आठ तास साधा दिवा पुरतो. टँक खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

३. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवा, मग वापरा. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदललं की पुरे. सगळं पाणी एकदम बदलू नका.

४. पाण्याचं तापमान २२ ते २८ अंश सेल्सिअस असेल तर झाडं आणि मासे दोघंही सुखात असतात. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात टँक खोलीतल्या गार कोपऱ्यात हलवलेला बरा, पण पाणी भरलेला टँक उचलू नका. उन्हाळ्याआधीच जागा ठरवा.

५. क्रिप्ट नवीन जागी लावलं की बऱ्याचदा त्याची सगळी पानं विरघळल्यासारखी होऊन गळतात. झाड मेलं असं वाटतं. गळलेली पानं काढून टाका, पण मुळं तशीच राहू द्या. काही आठवड्यांत नवे कोंब येतात.

६. आणि सगळ्यात अवघड नियम: सारखं हलवायचं नाही. पेरलेलं बी रुजलं का, हे बघायला रोज उकरून काढणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. टँकमध्येही तोच मोह होतो. एकदा लावलं की हात मागे!

आमच्या वर्गात मुलं दर सोमवारी पट्टीने पानाची लांबी मोजतात आणि वहीत लिहितात. पहिले तीन-चार सोमवार आकडा जवळजवळ तोच येतो. मुलं कुरकुरतात, बाई, हे वाढतच नाही! तेव्हा मी त्यांना एवढंच सांगते, तोच आकडा आला तरी तो लिहायचा. सत्र संपताना सगळे आकडे एकाखाली एक वाचले की वाढ दिसते. मोजमाप, नोंद आणि आलेख, तीन गोष्टी एका पानात शिकवून होतात.

पालकांसाठीही इथे एक विचार आहे. आपण मुलांची वाढ दर चाचणीला मोजतो, आणि आकडा तोच आला की लगेच शिकवणी बदलतो, वही बदलतो, कधी कधी शाळाच बदलतो. वर्गातली काही मुलं क्रिप्टसारखी असतात. नवीन ठिकाणी आली की आधी कोमेजतात. त्यांना वेळ आणि स्थिर जागा मिळाली, की ती पुन्हा पालवतात.

साठीनंतर नवी सुरुवात

आता पुन्हा आघारकरांकडे. १९४६ मध्ये ते कोलकात्यातून निवृत्त झाले. वय साठीच्या पुढे. आराम करायचे दिवस. पण ते पुण्याला आले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभी राहिली. महाराष्ट्रात विज्ञान संशोधनासाठी स्वतंत्र संस्था असावी हा त्यामागचा हेतू. कोलकात्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये अशीच संस्था काढली होती, सी. व्ही. रामन यांनी आपलं गाजलेलं काम तिथेच केलं. तशी जागा आपल्याकडेही हवी होती.

आघारकर या संस्थेचे संस्थापक संचालक झाले आणि १९६० मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे चौदा वर्षं, तेच काम करत राहिले. नवी संस्था म्हणजे टँकमध्ये नुकतं लावलेलं रोप. सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही. माणसं जमवायची, पैसा उभा करायचा, नमुने गोळा करायचे, ग्रंथालय वाढवायचं. फळ आपल्या हयातीत दिसेल याची खात्री नाही.

ते दिसलं, पण नंतर. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं. आज ती केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाखालची स्वायत्त संस्था आहे. तिथे गहू, सोयाबीन, द्राक्षं यांचे नवे वाण तयार झाले, जे शेतकऱ्यांच्या शेतात गेले. तिथल्या वनस्पतिसंग्रहालयात वाळवून, चिकटवून, नावं लिहून ठेवलेले वनस्पतींचे नमुने आहेत, आणि त्या संग्रहालयालाही आघारकरांचंच नाव आहे. कुठलं झाड कुठे, कधी सापडलं, याची ती मोठी नोंदवही. आपल्या मुलांच्या सोमवारच्या वहीची थोरली बहीणच म्हणा ना.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

मुलांना आगरकर आणि आघारकर ही दोन नावं फळ्यावर शेजारी लिहून द्या आणि दोघांची माहिती दोन रकान्यांत भरून घ्या. नकाशावर मालवण, मुंबई, सातारा, कोलकाता, बर्लिन आणि पुणे अशी आघारकरांची वाट दाखवा. शक्य असेल तर जलपर्णी लांबून, पुलावरून किंवा काठावरून दाखवा. मुलांना पाण्यात उतरू देऊ नका.

आणि एक कळकळीची विनंती, ती मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त. टँकमधली झाडं जास्त झाली किंवा टँक बंद करायचा असला, तर ती नदीत, ओढ्यात किंवा पाषाण, कात्रजच्या तलावात सोडू नका. त्यांचा जीव वाचवतोय असं मुलांना वाटतं, पण जलपर्णीचीही सुरुवात शोभेच्या तळ्यातूनच झाली होती. जास्तीची झाडं दुसऱ्या शाळेला द्या, नाहीतर उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत खत म्हणून घाला. मासे आणि गोगलगाईसुद्धा बाहेर सोडू नका. तसंच सह्याद्रीच्या सहलीला गेल्यावर ओढ्यातलं क्रिप्ट दिसलं तर उपटून आणू नका. जे इतकं सावकाश वाढतं ते एकदा उपटलं की भरून यायला फार वर्षं लागतात. वहीत चित्र काढा, जागा आणि तारीख लिहा. आघारकरांनीही कामाला सुरुवात अशीच केली होती.

तुमच्या वर्गात झाडं लावलेला टँक असेल तर दर आठवड्याच्या नोंदी जरूर ठेवा. पुढच्या पाठात आपण त्या नोंदींवरून स्तंभालेख कसा काढायचा ते बघू.